गाडी जॅकवर हाय

गाडी खाली आली तेव्हा आवाज आलाच नाय. आला असेल — पण शेजारच्या आळीत हळद होती, डीजे असा वाजत होता की आमच्या खिडकीच्या काचा हलत होत्या, त्यात गाडी पडली काय नि ताट पडलं काय. मला नुसतं दिसलं. जॅक कलंडला, गाडी एका अंगावर बसली, आणि माझ्या दिराचा, विकीभावजींचा, उजवा हात गाडीखाली होता. कोपरापासनं पुढचा सगळा. त्यांचं तोंड उघडं होतं. ओरडत होते, मला कळत होतं ओरडतायत, पण कानात येत होतं ते गाणं. घरात माझी परी झोळीत झोपलेली. अंगणात मी एकटी. काढलेलं चाक माझ्या गुडघ्याला टेकलेलं — माझ्या गुडघ्याला, गाडीखाली नाय.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाय. नवऱ्याला नाय, आईला नाय. देवळात उभी राहते तेव्हा तिथं पण नाय. देवळात मी दुसरंच बोलते — पोरीला सुखी ठेव, ह्यांना कंपनीत पर्मनंट होऊ दे. हे सोडून सगळं बोलते.

तुम्ही काय केलं असतं? जॅक उचलला असता, परत लावला असता, गाडी वर घेतली असती. माहीत हाय मला. कुणीपण हेच केलं असतं. मी पण हेच केलं, असंच सगळ्यांना माहीत हाय.

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाय. मी आठवीतनं शाळा सोडली, मला लायनीत सांगता येत नाय. पुढचं मागं होतं. पण सांगते.

आमचं घर पेणला, रामवाडीला. घरात सासू, आमचे हे, मी, परी, नि ह्यांचा धाकटा भाऊ विकास — विकीभावजी. हे रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात. एक जुनी व्हॅन हाय. घेतली ह्यांनी, चालवायचे भावजी. लग्नाचं भाडं, अलिबागचं भाडं. भाडं नसेल तेव्हा क्रिकेट. टेनिस बॉलचं. पेणपासनं रोह्यापर्यंत कुठल्या गावात सामने हायत नि विकी आला नाय, असं व्हायचं नाय. बॉलर होते, उजव्या हाताचे. माईकवाला त्यांचं नाव घ्यायला लागला की पोरं शिट्ट्या मारायची. सासूचं तर काय — विकी जेवला का, विकीला गाडी लागेल, विकीचं टीशर्ट वाळलं का गो रंजना. लाडका होता. होऊ दे ना, मला काय. मला पण आधी बरे वाटायचे. परीला खांद्यावर घेऊन फिरायचे.

आता जॅकचं सांगते, कारण त्याच्याशिवाय कळणार नाय.

आमचे हे आधी ड्रायवर होते. घाटात कुठंतरी एक माणूस गाडीखाली दबलेला त्यांनी डोळ्यांनी बघितला, तेव्हापासनं ह्यांचा नियम झाला. गाडी सपाट जाग्यावर घ्यायची. हँडब्रेक ओढायचा, गिअरात ठेवायची. जे चाक काढायचं त्याच्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा, दोन्ही बाजूनं. नट आधीच सैल करून घ्यायचे, चाक जमिनीवर असताना, कारण गाडी वर गेल्यावर पान्यावर जोर मारला तर जॅक हलतो. दाराखाली पत्र्याची कडा असते, तिथं खाच असते, जॅक तिथंच, दुसरीकडं नाय. आणि जॅकखाली लाकडाचा पाट. आमची जमीन भरावाची ना — वरती मुरूम, खाली सगळा खाडीचा चिखल. पावसाळ्यानंतर तर चप्पल रुतते, तिथं लोखंड रुतणार नाय तर काय?

आणि चाक निघालं की ते भिंतीला लावून ठेवायचं नाय. आधी गाडीच्या पोटाखाली सारायचं, आडवं. जॅकनं दगा दिला तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाय. चाक खाली गेल्याशिवाय गाडीखाली बोट पण घालायचं नाय.

नि ह्यांनी अजून एक लावून दिलेलं. जो वाकेल तो इचारणार, जो उभा असेल तो बघून सांगणार. दगड? हाय. पाट? हाय. चाक? हाय. तिन्ही हाय आल्याशिवाय हात आत जायचा नाय. आमच्या घरात हे आरतीसारखं चालायचं. मला पण शिकवलं, लग्न झाल्या झाल्या. सासू हसायची, बोलायची, बायकोला काय मेकॅनिक करतोस? हे बोलायचे, मी शिफ्टला असलो नि ही रस्त्यात अडकली तर कुणाचे पाय धरील? मला आवडायचं ते. हँडल फिरवायचं नि एवढी मोठी गाडी माझ्या हातानं वर उठायची. मी काडीसारखी बाई.

आता बाबांचं.

माझं माहेर कोलाडच्या अलीकडं, हायवेला लागूनच. भात नि मागनं वाल, एवढी शेती. घराची ओटी रस्त्याकडं तोंड करून. बाबा त्या वर्षी उन्हाळ्यात पडले. छातीत पाणी झालं. डॉक्टर बोलले, घरी न्या. भावाचा सकाळी फोन आला, रंजे, ये. मी रडायला लागले. त्यानं फोन बाबांच्या कानाला लावला. मी बोलले, बाबा, गाडीनं येते, लगेच येते. मला वाटलं, गाडी तर हाय आपली. घरचीच हाय. नाय का?

हे सकाळच्या शिफ्टला गेलेले. भावजी मोरीत दात घासत होते. गाडी अंगणात नव्हती, आदल्या दिवसापासनं गॅरेजच्या तिथं लावलेली. मी बोलले, भावजी, बाबांचं काय खरं नाय, मला सोडा. त्यांनी चूळ भरली, टॉवेलनं तोंड पुसलं — बघा, टॉवेल पण मला आठवतो, पिवळा — आणि बोलले, वैनी, गाडी जॅकवर हाय. चाक काढून दिलंय. मी बोलले, कधी होईल? बोलले, संध्याकाळ तरी होईल. मी तिथंच उभी राहिले. मग तेच बोलले, का, एस्टी बंद झाली काय?

परीला काखेत घेतलं नि एस्टीनं गेले. हायवेचं तुम्हाला काय सांगू, तुम्ही पण त्याच रस्त्यानं जाता. नागोठण्याच्या पुढं नुकताच ट्रक आडवा पडलेला. ऊन असं की पोरगी अंगावर ओकली. लोक उतरून झाडाखाली बसले. मी कंडक्टरला सारखी इचारत होते, मामा, सुटेल का, मामा, सुटेल का. शेवटी तो माझ्याकडं बघायचाच बंद झाला.

पोचले तर दारात माणसं बसलेली. बाया आत. मला बघून आई उठलीच नाय, नुसता हात वर केला.

लेकीच्या हातचं पाणी राहिलं. तुळशीचं पान ठेवतात ना जिभेवर, ते पण राहिलं. भावानं घातलं, पण बाबांनी माझी वाट बघितली. भावानं नंतर सांगितलं मला. खाट ओटीवर आणायला लावली त्यांनी. रस्त्यानं गाडी गेली की मान वळवायचे. गाडीनं येते बोलले होते ना मी? एकदा तर हॉर्न वाजला — आमच्या व्हॅनचा हॉर्न वेगळा हाय, भावजींनी गाण्याचा बसवलेला, बाबांना माहीत होता, आम्ही सणाला गेलो की तोच वाजायचा — तसा हॉर्न वाजला नि बाबा बोलले, आली. रंजी आली. उठून बसायला बघत होते. भाऊ रस्त्यापर्यंत गेला, तर कुणी नाय. तो बोलला, भास झाला असेल गो, शेवटी शेवटी होतात. मी पण तेच धरलं. भास.

तेरावं करून मी पेणला आले. फ्रिजवर ही मोठी ट्रॉफी. सासू बोलली, विकी फायनल जिंकला रोह्याला, मॅन ऑफ द मॅच. कधी, इचारलं. त्याच दिवशी. भावजी तिथंच होते, बोलले, पोरांच्या टेम्पोतनं गेलो, वैनी, गाडी कुठं होती. मी कशाला शंका घेऊ? ट्रॉफी पुसत राहिले. रोज पुसायचे मी ती, खरंच सांगते.

मग पावसाळा आला. पावसात सामने नसतात, तेव्हा ही माणसं जुने सामने मोबाईलवर बघत बसतात, लाईव्ह केलेले असतात ना. एक दिवस मी भाकऱ्या थापत होते. हे बोलले, रंजना, बघ गो, रोह्याच्या त्या फायनलला विक्यानं काय बॉल टाकलाय. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. भावजी धावत आले, दांडी उडाली, पोरं मैदानात पळाली, नि कॅमेरा त्यांच्या मागं फिरला. तिथं कडेला गाडी उभी. आमची. मागच्या काचेवर परीचं नाव, मोठ्या अक्षरात, ह्यांनीच बारशाला लिहून घेतलेलं. चारी चाकं जमिनीवर.

हे भावाच्या बॉलकडं बघत होते. त्यांना काय दिसलं नाय. मला दुसरं काय दिसलंच नाय. भाकरी करपली.

तुम्ही सांगाल, तेव्हाच बोलायचं होतं. कुणाला बोलणार? सासूला? ती बोलली असती, झालं ते झालं, तुझा बापूस काय गाडीनं वाचणार होता? खरंच हाय, वाचणार नव्हता. नवऱ्याला? भावाभावांत आग लावली, असं झालं असतं. आणि — हे पण खरं सांगते — मला बोलून टाकायचं नव्हतं. बोललं की संपतं. भावजी दोन आसवं काढणार, चुकलो वैनी बोलणार, घरातले सगळे मला बोलणार, आता सोड. मला सोडायचं नव्हतं. मी ते असं जपलं, जसं कुणी सोनं जपतं. रात्रंदिवस एकच इचार. रोह्याला जायला दोन रस्ते हायत. एक नागोठण्यावरनं आतून खिंडीतनं, एक हायवेनं कोलाडवरनं, माझ्या बापाच्या दारावरनं. ते कुठल्या रस्त्यानं गेले? आतल्या रस्त्यानं गेले असतील तर तो हॉर्न भास होता. कोलाडवरनं गेले असतील तर —

त्यांना जेवण वाढताना मी त्यांच्या हाताकडं बघायचे. उजव्या. त्याच हातानं स्टेरिंग धरलं असेल, त्याच हातानं बॉल टाकला. भाजीत कधी मीठ जास्त घालायचे, त्यांच्या वाटीत तेवढं. चहा आधी गार करून द्यायचे. असे बारके बारके सूड. त्यानं काय होतंय? ते खाऊन पिऊन शिट्टी वाजवत जायचे.

आता तो दिवस.

पाऊस संपून थोडेच दिवस झालेले. शेजारच्या आळीत हळद, सगळी रामवाडी तिकडं. सासू तिकडंच. भावजींना वऱ्हाडाचं भाडं होतं नि पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलेलं. घाईत होते. मला हाक मारली, वैनी, जरा उभ्या राहा. मी दगड आणले, लावले मागच्या चाकाला. खरंच लावले. पाट आणायला जात होते, तर बोलले, राहू दे, एवढ्यासाठी काय पाट नि बीट. पाट नकोच बोलले, हे त्यांचं. ते मी माझ्यावर घेत नाय.

जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं, माझ्याकडं ढकललं. ठेवा खाली, बोलले. मी ते धरलं. तेवढ्यात त्यांच्याच पायानं एक नट उडाला नि गाडीखाली गेला, लांब. ते शिवी हासडून मातीवर आडवे झाले. गाल जमिनीला, तोंड पलीकडं, हात आत घालायच्या आधी सवयीनं बोलले,

"चाक?"

चाक माझ्या हातात होतं. रबराचा वास येत होता. मला जॅक दिसत होता — त्याचा एक पाय मुरमात गेलेला, थोडा तिरका झालेला. मला दिसत होता. ते मी नाकारत नाय.

मी बोलले, "हाय."

एवढंच. मी गाडी ढकलली नाय, जॅकला हात लावला नाय. एक शब्द बोलले. तसाच, जसा ते बोललेले — गाडी जॅकवर हाय. तसाच सहज. माझ्या मनात तेव्हा काय होतं? पडावी असं होतं का? होतं. थोडी पडावी. घाबरावा. काय झालं ते त्याला कळावं. मनात माप नसतं हो, किती पडावी ते.

त्यांनी हात आत घातला. डीजेवर गाणं बदललं. नि गाडी बसली.

चाकामागची ती ब्रेकची लोखंडी थाळी असते ना, ती पंज्यावर आली. माती मऊ होती म्हणून हात राहिला, नायतर तिथंच तुटला असता असं नंतर सगळे बोलले. पाटानं जॅक वाचला असता, मऊ मातीनं हात वाचला. असं हाय.

पुढचं जे गावाला माहीत हाय ते आधी सांगते. रंजनानं गाडी परत उचलली. एकट्या बाईनं. जॅक काढला, तो बसवायला जागा नव्हती तर खुरप्यानं माती उकरली, लादीचा तुकडा टाकला, हँडल फिरवलं, हात मोकळा केला, ओढणीनं बांधला, नि धावत हळदीत शिरली. डीजे बंद पडला. तोंडाला हळद फासलेली माणसं आमच्या अंगणात आली, पिवळी पिवळी, मला अजून स्वप्नात येतात. रिक्षातनं पेणच्या दवाखान्यात, तिथनं पुढं मुंबईला. दोन बोटं गेली. उरलेली वळत नायत. ग्लास धरता येतो दोन्ही हातांनी. बॉल नाय.

घरी आल्यावर सासूनं माझी ओटी भरली. नवी साडी नेसवली, पाया पडायला वाकली माझ्या — सासू, माझ्या — नि बोलली, तू होतीस म्हणून माझा विकी वाचला गो. मी तिला धरून उठवलं. साडी नेसले. पुढच्या सीझनला पोरांनी सामने भरवले, तिथं मला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. माईकवाला बोलला, आपल्या विकीशेठचा जीव वाचवणाऱ्या वैनी. टाळ्या. लाईव्ह पण चालू होतं. मी पदर घट्ट धरून उभी. खाली पहिल्या लायनीत भावजी बसलेले, हात रुमालात गुंडाळलेला. ते पण टाळ्या वाजवत होते, एक हात मांडीवर आपटून.

त्यांना माहीत हाय. मी हाय बोलले ते त्यांनी ऐकलंय. ह्यांनी दवाखान्यात भावाला झापलं, चाक का नाय ठेवलंस, किती वेळा सांगितलं. भावजी बोलले, चुकलं माझं, दादा, घाईत राहिलं. मी बाजूलाच उभी होते. का नाय सांगितलं त्यांनी? कारण सांगायला गेले असते तर सगळे इचारतील — वैनीनं असं का केलं? नि मग बापाचं निघेल, गाडीचं निघेल. आम्ही दोघं एकाच घरात असे राहतो. त्यांच्या ताटात मी भाकरी कुस्करून देते. परी त्यांना डाव्या हातानं जेवायला शिकवते. कधी घरात कुणी नसलं नि ते मागनं आले तर मी हातातलं भांडं खाली ठेवते. आज बोलतील. आज बोलतील.

तुम्हाला वाटलं असेल, हीच माझी चूक. एक खोटं हाय. मला पण वाटतं, इथंच थांबावं. इथपर्यंत सांगितलं तर माणूस थोडं तरी समजून घेतो. रागात निघून गेलं तोंडातनं, बाई बापासाठी रडत होती.

पण ते तसं नाय. मी मघाशी एक गोष्ट सोडली. माती उकरली, लादी टाकली, जॅक सारला, इथपर्यंत खरं हाय. मी भराभर केलं, माझी नखं तुटली. हँडल फिरवलं, जॅक गाडीच्या पत्र्याला जाऊन टेकला. आता नुसतं फिरवायचं की गाडी उठणार. नि मी थांबले.

मी हँडल धरून त्यांच्या तोंडाशी बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला. वैनी, वैनी, एवढंच बोलत होते. डीजे चालूच. मी त्यांच्या कानाशी वाकले नि इचारलं,

"त्या दिवशी रोह्याला कुठल्या रस्त्यानं गेलात?"

त्यांना आधी कळलंच नाय. मग कळलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, कळलं ते. त्यांनी मान हलवली, रडायला लागले, उचला वैनी, उचला. मी हँडलवरनं हात काढला. मांडीवर ठेवला. असा, देवाला बसल्यासारखा.

"कोलाडवरनं," ते बोलले.

"दारावरनं गेलात?"

"व्हय."

"हॉर्न कुणी मारला?"

मी थांबले. मला कसली घाई नव्हती, तुम्हाला खरं सांगते, मला आयुष्यात एवढं शांत कधी वाटलं नव्हतं. आत परी उठली होती, रडत होती, ती पण मला ऐकू येत होती. मी उठले नाय.

"मीच मारला," ते बोलले. "पोरं नाचत होती गाडीत. मारला."

म्हणजे बाबांना भास झाला नव्हता. बाबांनी बरोबर ओळखला होता.

एवढं कळल्यावर तरी उचलायची ना? तुम्ही उचलली असती. आधी मी तुम्हाला इचारलं, काय केलं असतं म्हणून. आता नाय इचारत. मला माहीत हाय मी काय केलं. मी बोलले, "परत बोला. नीट बोला." नि त्यांना परत बोलायला लावलं, सगळं, पहिल्यापासनं — गाडी जॅकवर नव्हती, कोलाडवरनं गेलो, दारावरनं गेलो, हॉर्न मारला. त्यांचा आवाज जात होता. ज्या शब्दाला आवाज गेला तो मी परत मागितला.

मग हँडल फिरवलं.

दवाखान्यात डॉक्टरनं मला बाजूला घेऊन इचारलं, ताई, हात किती वेळ दबलेला होता? नीट आठवून सांगा, त्याच्यावर हाय सगळं, बोटं ठेवायची का काय ते. मी बोलले, लगेच काढला. लगेच. ते बोलले, नक्की? भावजी स्ट्रेचरवर होते, डोळे उघडे. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ते बोलले, "लगेच काढला वैनींनी."

त्यांना वाटलं असेल, फिटलं.

माझं फिटलं नाय. अजून नाय.